दोन दिवसांचे लंडन आणि आमचे पाणी

आमच्या आधी आमची भेंडी लंडनला पोचली होती. भात काढून झाल्यावर मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याने लावलेली भेंडी पेटीत भरून विमानाने परदेशी जाते, हे आम्ही कितीतरी वर्षे ऐकत होतो. पण ती जिथे जाते तो मुलूख आपणही कधी डोळ्यांनी पाहू, असे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

तो योग २०२५ च्या मे महिन्यात आला. आम्ही तिघे मुरबाडच्या शाळेतले जुने सोबती. एक किन्हवलीकर, एक धसईकर आणि मी सरळगावचा. किन्हवलीकरांचा पुतण्या लंडनजवळच्या स्लाव नावाच्या गावी संगणकाच्या नोकरीत आहे. तो काकांना बरीच वर्षे बोलावत होता. काका म्हणाले, "एकटा येणार नाही. येताना माझे दोन बैल बरोबर आणीन." ते दोन बैल म्हणजे धसईकर आणि मी! भेंडीचे शेवटचे तोडे झाले होते, राब भाजून झाले होते, पेरणीला अवकाश होता. कनवटीचे पैसे जमवून आम्ही निघालो. पुतण्याला सुट्टी फक्त शनिवार-रविवारची. तेव्हा लंडन पाहायचे ते दोनच दिवसांत, असे ठरले.

किन्हवलीकरांच्या मनात त्या वेळी एक घोर होता, तोही सांगायला हवा. त्यांच्या जमिनीला मुंबईचे गिऱ्हाईक लागले होते. शहापूर-मुरबाडात आता हे घरोघर आहे. रस्ते झाले, शहरातल्या लोकांना डोंगराच्या पायथ्याशी बंगला हवा झाला, आणि दलाल बांधाबांधाने फिरू लागले. मुलगा म्हणत होता, "बाबा, भातात काय उरते? विकून टाकू." बाप म्हणत होता, "बघू." ते 'बघू' किन्हवलीकरांनी पिशवीत भरून लंडनला आणले होते.

शनिवारी सकाळी स्लावहून रेल्वेने निघालो. गाडीत धसईकर खिडकीला चिकटून बसलेले. म्हणाले, "अरे, एवढे मोठे शहर आणि त्याच्या वेशीला कुरणे आणि शेते कशी? आपल्याकडे ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत इमारतीला इमारत लागली आहे." पुतण्याने सांगितले, की याला हरितपट्टा म्हणतात. लंडन चोहोबाजूंनी फुगत चालले, तेव्हा १९३८ साली कायदा करून भोवतालच्या मोकळ्या जमिनी राखायला सुरुवात झाली. आज लंडनभोवती असा सुमारे ५ लाख हेक्टरांचा पट्टा आहे. तिथे सहजासहजी बांधकामाची परवानगी मिळत नाही. यामुळे शहरातली घरे महाग झाली, असे म्हणणारेही तिथे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याही म्हणण्यात तथ्य असेल. पण शहराने कुठे थांबायचे हे कुणीतरी ठरवावे लागते, एवढे आम्हाला त्या खिडकीतून कळले. किन्हवलीकर काही बोलले नाहीत. नुसते बघत राहिले.

मग सुरू झाली धावपळ. जमिनीखालच्या रेल्वेत शिरलो. ही गाडी १८६३ साली सुरू झाली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ ची, म्हणजे तिच्याहून दहा वर्षांनी थोरली! हे ऐकून धसईकरांची छाती फुगली. सरकत्या जिन्यावर मात्र त्यांनी माझा दंड असा धरला, की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ होते.

टॉवर ऑफ लंडन हा साडेनऊशे वर्षांच्या घरातला किल्ला. माहुलीचा डोंगर चढलेल्या माणसाला तो किल्ला वाटतच नाही. सपाटीवर भिंती आणि आत गर्दी. गर्दी म्हणाल तर म्हशाच्या जत्रेची, फक्त बैल नाहीत. तिकीट माणशी तीस पौंडांवर. मनातल्या मनात रुपये करू नका, असे पुतण्याने बजावले होते, पण सवय जाते थोडीच? आत मुकुट ठेवलेले आहेत. तिथे माणसांना सरकत्या पट्ट्यावर उभे करतात, म्हणजे कुणी रेंगाळू नये. अशा पट्ट्यावरून आम्ही कोहिनूर पाहिला. पंजाब घेतल्यावर १८४९ साली तो इंग्रजांनी कोवळ्या वयाच्या दुलीपसिंग महाराजांकडून नेला, आणि १८५२ साली पुन्हा पैलू पाडताना तो १८६ कॅरटचा होता तो १०५ च्या आसपास उरला. किन्हवलीकर म्हणाले, "आपला माल बाहेर गेला की वजनात घट लागतेच."

जवळच टॉवर ब्रिज. मोठे जहाज आले की मधून दुभंगून वर उचलला जाणारा हा पूल १८९४ साली सुरू झाला. सगळे त्याचे फोटो काढत होते. माझ्या मनात आले, आमच्या शहापूरचे तानसा धरण १८९२ चे, या पुलाहून दोन वर्षांनी थोरले. शंभरावर वर्षे ते मुंबईला पाणी पाजत आहे, पण त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढायला सातासमुद्रापलीकडून कोण येतो?

राजवाडा बाहेरून पाहिला. पार्लमेंटसमोर पोचलो तेव्हा पाय भरून आले होते. चौकात महात्मा गांधींचा पुतळा आहे, तो २०१५ साली बसवलेला. आम्ही मुरबाडकर, आम्हाला तिथे सिद्धगड आठवला. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील या सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मे झाले. हुकूम चालत होते ते शेवटी या नदीकाठच्या इमारतीतूनच. धसईकरांनी टोपी सारखी केली आणि क्षणभर स्तब्ध उभे राहिले. मग नदीकाठच्या बाकावर बसून आम्ही तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. सूनबाईने घरून पीठ नेऊन ठेवले होते म्हणून बरे.

संध्याकाळी पुतण्याने सोहो भागातल्या एका गल्लीत नेले. तिथे एक पाण्याचा हातपंप उभा आहे, पण त्याला दांडाच नाही. माता-भगिनींनो, ही गोष्ट नीट ऐका. १८५४ साली या वस्तीत पटकीची साथ आली आणि सहाशेवर माणसे गेली. पटकी घाणेरड्या हवेने होते, असे तेव्हा मोठमोठे डॉक्टरही मानत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने घरोघर फिरून विचारपूस केली, नकाशावर मयतांच्या खुणा केल्या, आणि बहुतेक सगळे याच पंपाचे पाणी पिणारे होते हे दाखवून दिले. त्याच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढून टाकला. विहिरीजवळच्या मैलाच्या खड्ड्यातून पाणी नासले होते, हे पुढे उघडकीला आले. आजचा पंप ही त्याची आठवण आहे. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला विहिरीत टीसीएल पावडर टाकायचा कंटाळा करणाऱ्यांनी आणि विहिरीच्या अंगाला शोषखड्डा घेणाऱ्यांनी तो बिनदांड्याचा पंप ध्यानात ठेवावा.

घरी परतताना रात्रीचे साडेआठ वाजून गेले, तरी ऊन होते. तिकडे मे महिन्यात सूर्य नवाच्या सुमाराला मावळतो. धसईकर म्हणाले, "एवढा दिवस आपल्याला मिळाला असता, तर लावणी चार दिवस आधी उरकली असती!"

रविवारी आधी गेलो ते उत्तर लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवर. तिथे १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली शिकायला राहत होते. ते घर आपल्या महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. भिंतीवर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. आम्ही पायरीवर फुले ठेवली. शेतीच्या बारीक-बारीक तुकड्यांवर बाबासाहेबांनी १९१८ सालीच निबंध लिहिला होता, आणि १९२७ साली महाडला सत्याग्रह केला तो पाण्यासाठीच. तिथून निघताना किन्हवलीकरांनी पुतण्याला एकदम विचारले, "बाळा, तुझ्या घरच्या नळाला पाणी कुठून येते रे?"

पुतण्या गडबडला. पाच वर्षे राहतो, पण हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. मग त्याने फोनमध्ये शोधले. या शहराचे बरेचसे पाणी थेम्स आणि ली या नद्यांचे. आणि एक कालवा आहे तो चारशे वर्षांचा, तो अजून शहराला पाणी देतो. "मग तोच दाखव," काका म्हणाले. ठरलेली दोन संग्रहालये बाजूला राहिली आणि आम्ही वुडबेरी नावाच्या तलावाकडे गेलो.

या कालव्याला 'न्यू रिव्हर' म्हणजे नवी नदी म्हणतात. हर्टफर्डशायरच्या खेड्यांतल्या झऱ्यांचे पाणी सुमारे ६० किलोमीटर वळणावळणाने लंडनला आणायचे, हे काम ह्यू मिडलटन नावाच्या गृहस्थाने १६१३ साली तडीस नेले. वाटेतल्या जमीनवाल्यांनी त्याला कडवा विरोध केला होता. आपली शेते दलदल होतील अशी त्यांना भीती होती. शेवटी राजाने स्वतः निम्मा पैसा घातला, तेव्हा कालवा पुरा झाला. आता काठाने पायवाट आहे, वेत-लव्हाळे आहेत, बदके पोहतात. दिसायला आपल्या पाटाएवढाच.

किन्हवलीकर काठावर बसले. बराच वेळ बसले. मग म्हणाले, "म्हणजे इथेही शहराने खेड्याचेच पाणी प्यायले."

वाचकहो, आमच्या शहापूर तालुक्याचे दुखणे आपल्याला ठाऊक आहे. तानसा आणि भातसा या तालुक्यात. एकट्या भातसाचे पाणी मुंबईच्या पुरवठ्यात जवळजवळ निम्मे भरते. मुरबाडकडचे बारवी धरण कल्याण-डोंबिवलीकडच्या शहरांना आणि कारखान्यांना पाजते. आणि मार्च सरला की शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. पाणी देण्याबद्दल तक्रार नाही. तहानलेल्याला पाणी देणे हा आपला धर्मच. पण ज्याच्या दारातून पाणी गेले, त्याच्या घागरीत आधी पडावे, एवढे मागणे काही फार नाही.

परतीच्या वाटेवर साऊथॉलला उतरलो. स्टेशनच्या पाटीवर गुरुमुखी अक्षरे, बाजारात जिलेबीचा वास. एका दुकानात भेंडी होती, पेटीवर भारताचे नाव. भाव किलोला पाच पौंडांवर, म्हणजे साडेपाचशे रुपयांच्या पुढे. त्या हंगामात बांधावर आम्हाला मिळाले त्याच्या कितीतरी पट. मधे विमान आहे, गाळणी-निवड आहे, शीतगृह आहे, दुकानदाराचे भाडे आहे, हे आम्ही जाणतो. तरीपण धसईकरांनी एक भेंडी उचलून टोक मोडून पाहिले. कोवळी होती. दुकानदारीणबाई हसल्या, कारण टोक मोडणारे गिऱ्हाईक कुठले ते त्यांना बरोबर कळले. किन्हवलीकर मात्र तो भाव पुन्हा पुन्हा वाचत होते. म्हणाले, "जो माल इथवर येऊन एवढ्याला खपतो, तो पिकवणारी जमीन कवडीमोल कशी?"

दोन दिवसांत लंडन पाहून झाले असे म्हणणारा खोटे बोलतो. आम्ही निम्मेही पाहिले नाही. पण परगावी गेलेल्या माणसाने वाडे-मनोरे पाहावेतच, आणि त्याबरोबर तिथल्या नळाचे पाणी कुठून येते आणि मंडईतली भाजी कुणाची, हेही विचारावे. गाव कळायला त्याहून जवळची वाट नाही.

किन्हवलीकर परत आल्यावर मुलाला समोर बसवून बोलले. विहिरीखालची खाचरे विकायची नाहीत, तिथे भात आणि त्यावर भेंडी. चार शेजारी मिळून माल एकत्र करायचा आणि निर्यातदाराशी स्वतः बोलायचे, असे ठरले. वरकस जमिनीचे अजून ठरलेले नाही. मुलाचे म्हणणेही अगदी चुकीचे नाही, कारण त्याला संसार करायचा आहे. पण दलालाला सध्या 'नाही' असा निरोप गेला आहे. आणि पुढच्या ग्रामसभेत पाड्याच्या नळाचा विषय मांडायला आम्ही तिघेही जाणार आहोत.