‘अँग्री ऑन’ ते ‘अँग्री विथ’

‘क्लायंट इज अँग्री ऑन मी.’

एवढंसं वाक्य. 2009 सालची गोष्ट. हिंजवडीतल्या ऑफिसची कॉन्फरन्स रूम, टेबलाच्या मधोमध कोळ्यासारखा पाय पसरून बसलेला तो स्पीकरफोन, आणि माझं हे वाक्य. पलीकडून काहीच आवाज आला नाही. अलीकडून मात्र आला. टीममधला एक जण फिस्सकन हसला. ‘ऑन नाही गं, विथ!’

बस्स. पुढे जवळजवळ वर्षभर मी कॉलवर ‘येस’, ‘नो’ आणि ‘आय विल सेंड अ मेल’ एवढंच बोलले. अप्रेझलमध्ये शेरा आला, काम उत्तम, पण बोलत नाही. ऑनसाइटचा चान्स दुसऱ्याला गेला. कराडच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत पहिला नंबर न सोडणाऱ्या मला पहिल्यांदाच वाटलं, आपण मठ्ठ आहोत.

मग इरेला पेटून जीमॅट द्यायचं ठरवलं. गणिताचं टेन्शन नव्हतं. धडकी भरायची ती ‘सेंटेन्स करेक्शन’ची. एक लांबलचक वाक्य, त्यातला काही भाग अधोरेखित, खाली पाच पर्याय. पहिला पर्याय म्हणजे मूळ वाक्यच, जसंच्या तसं. तेव्हा व्हर्बलला 41 प्रश्न आणि 75 मिनिटं असायची. उताऱ्यांसाठी वेळ वाचवायचा, तर ही वाक्यं मिनिट-सव्वा मिनिटात उडवायला हवीत.

माझी रूममेट कॉन्व्हेंटवाली. ती सगळं कानाने सोडवायची. ‘हे ऐकायला बरोबर वाटतंय ना? मग हेच!’ सोपे प्रश्न ती चुटकीसरशी संपवायची. माझ्या कानाला मात्र पाचही पर्याय सारखेच गोड लागायचे. किंवा सारखेच कडू!

क्लासमधले सर एकदा म्हणाले, ‘कान बंद, डोळे उघडे. वाक्यात यादी दिसली की थांबा.’ आणि फळ्यावर लिहिलं : ‘द कंपनी प्लॅन्स टू कट कॉस्ट्स, हायरिंग इंजिनिअर्स, अँड दॅट इट विल ओपन ॲन ऑफिस.’ तीन कामं, तीन वेगवेगळे कपडे. एकाला ‘टू’, दुसऱ्याला ‘आयएनजी’, तिसऱ्याला ‘दॅट’. सगळ्यांना एकच गणवेश घाला : ‘टू कट, टू हायर, अँड टू ओपन’. झालं वाक्य सरळ! या गणवेशाचं नाव पॅरलल स्ट्रक्चर.

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. अहो, हे तर आपलंच! ‘करावं तसं भरावं’, ‘इकडे आड, तिकडे विहीर’. आपल्या म्हणी याच तालावर चालतात. ‘जितका’ आला की ‘तितका’ येणार, ‘जेव्हा’ आला की ‘तेव्हा’ त्याच्या मागोमाग. जोडी मोडली की मराठी माणसाला चुकल्यासारखं होतंच. मी इंग्रजीतही जोड्या शोधायला लागले. ‘बोथ’ दिसला की ‘अँड’ कुठाय? ‘ईदर’ दिसला की ‘ऑर’ कुठाय? दोघांवर एकेक बोट ठेवायचं आणि दोघांच्या पुढे काय आहे ते बघायचं. ‘शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो तमीळ’. एकीकडे क्रियापद, दुसरीकडे भाषेचं नाव. तराजू कलला! ‘शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो तमीळ’. आता दोन्ही पारड्यांत भाषाच. एवढ्या एका तपासणीत अनेकदा पाचातले दोन-तीन पर्याय गारद व्हायचे.

तुलनेतही हाच फंडा. ‘द ट्रॅफिक इन पुणे इज वर्स दॅन मुंबई’ म्हटलं, तर आपण ट्रॅफिकची तुलना आख्ख्या शहराशी करतो. हवं ‘दॅन दॅट इन मुंबई’. गंमत म्हणजे इथे रूममेटचा कानही फसायचा. रोज ऐकून ऐकून चूकच बरोबर वाटायला लागलेली. मग मी तिला बोटं ठेवायला शिकवलं. पहिल्यांदाच इंग्रजीतलं काहीतरी मी कुणाला तरी शिकवत होते!

पण थांबा, पिक्चर अभी बाकी होता. इडियम्स! परीक्षेत इडियम म्हणजे आपले ‘हातावर तुरी देणे’छाप वाक्प्रचार नव्हेत. कुठल्या शब्दाला कुठला शब्द चिकटतो, एवढंच. ‘रिगार्ड’ला ‘ॲज’ लागतो, ‘कन्सिडर’ला त्या परीक्षेत तो चालायचा नाही. ‘फॉरबिड’पुढे ‘टू’, पण ‘प्रोहिबिट’पुढे ‘फ्रॉम’. का? ‘का’ला उत्तर नाही. इथे तर्क संपतो आणि सवय सुरू होते. आणि सवय तर माझ्याकडे नव्हतीच.

एका रात्री चुकांची वही चाळत बसले होते. ‘डिस्कस अबाउट’, ‘मॅरीड विथ’, ‘बिट्वीन टेन टू फाइव्ह’, आणि अर्थात माझा लाडका ‘अँग्री ऑन’. अचानक ट्यूब पेटली. आपण चर्चा करतो विषया‘बद्दल’. लग्न करतो कुणा‘शी’. ऑफिस असतं दहा ‘ते’ पाच. आणि चिडतो कुणा‘वर’! म्हणजे मी काही अडाण्यासारखं बोलले नव्हते. मी मराठीतलं अगदी शुद्ध वाक्य इंग्रजीत बोलले होते.

तुम्हीच बघा ना. आपण कुत्र्या‘ला’ घाबरतो, पण भीती कुत्र्या‘ची’ वाटते. चिडतो कुत्र्या‘वर’, खेळतो कुत्र्या‘शी’. कुत्रा तोच, शेपूट दर वेळी वेगळं. हे आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. आणि ‘का’ विचारलं तर आपल्यालाही सांगता येणार नाही. इंग्रजीवाल्यांचं तसंच. त्यात हुशारीचा प्रश्नच नाही, कोण कुठल्या घरात वाढलं एवढाच.

त्या रात्री मला रडू आलं. वर्षभर उगाच तोंड मिटून बसले होते!

मग वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे माझी चूक, उजवीकडे ती मराठीतल्या कुठल्या शब्दावरून आली ते. रोज पाच. दोनेक महिन्यांत पाठ झालं, कारण आता प्रत्येक चुकीला आपला गाव होता. 2011 मध्ये परीक्षा दिली, स्कोअर चांगला आला. कर्जाचा आकडा पाहून परदेशी मात्र गेले नाही. असो! पण कॉलवर बोलायला लागले. अडखळत, चुकत, पण बोलायला लागले. अजूनही एखादा ‘ऑन’ निसटतो. मी वाक्य पूर्ण करते.

मध्यंतरी मावसभावाला ती वही द्यायला काढली. तो म्हणाला, ‘ताई, हे आता नसतं गं.’ खरंच की! नोव्हेंबर 2023 मध्ये जीमॅटची नवी आवृत्ती आली, त्यात सेंटेन्स करेक्शन नाही. जुना पेपरही 2024 च्या सुरुवातीला बंद झाला. माझा शत्रू निवृत्त झाला होता, आणि मला चक्क वाईट वाटलं.

वही मात्र वाया गेली नाही. टीममध्ये लातूरचा एक मुलगा नवीन आलाय. गेल्या आठवड्यात कॉलवर म्हणाला, ‘लेट अस डिस्कस अबाउट दिस.’ कुणीतरी ओठ दाबून हसलं. कॉल संपल्यावर मी त्याला कॉफीला नेलं आणि विचारलं, ‘काय रे, चर्चा कशा‘बद्दल’ करतोस?’ तो क्षणभर गोंधळला, मग डोक्याला हात लावून खळखळून हसला.

वही सध्या त्याच्याकडे आहे. आज सकाळच्या कॉलवर तोच सगळ्यात जास्त बोलत होता.