वलणीवरचा हिशेब

कोकणातल्या पावसावर लिहायचे म्हणजे हिरवी शेते, भरलेल्या नद्या आणि झिम्माड सरी यांचे वर्णन करायचे, असा एक अलिखित नियम आहे. आमच्या वार्षिकाच्या जुन्या अंकांतही तो कसोशीने पाळलेला दिसतो. पण वाचकहो, या पावसाची एक बाजू कोणाच्या लेखणीवर येत नाही. ती आमच्या माजघरात आणि पडवीत वलणीवर लोंबत असते. मी ओल्या कपड्यांविषयी बोलतो आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. २०२५ साली तर त्याला मृग नक्षत्राचीही वाट पाहवली नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यातच स्वारी दाखल झाली. त्याच साली ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आणि ऐन आषाढात आमच्या घरात एक गुलाबी मुठींची चिमुकली भाची अवतरली. आनंद सर्वांनाच झाला. परंतु रोजचे वीस-पंचवीस लंगोट, आठ-दहा दुपटी, शिवाय झबली आणि टोपडी यांचा विचार त्या आनंदाच्या भरात कोणी केलेला नव्हता.

आमच्याकडे कपडे धुण्याचे यंत्र आहे. त्याच्या एका भागात कपडे धुतले जातात, दुसऱ्या भागात गरगर फिरून पिळले जातात. पण पिळणे म्हणजे वाळणे नव्हे. बाहेरची हवाच पाण्याने तुडुंब भरलेली. ती कपड्यातले आणखी पाणी घेणार कुठून? माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या गेल्या. जेवायला बसताना अण्णांच्या डोक्यावर आजीचे नऊवारी असे आणि माझ्या कानाला कुणाची तरी बाही लागे. तिसऱ्या दिवशीही कपडा दमटच आणि त्याला तो कुबट वास!

आजीने तिचा उपाय सांगितला. "आमच्या वेळी शेगडीत निखारे घालायचे, वर डालं पालथं ठेवायचं आणि त्यावर दुपटी पसरायची. घटकेत वाळत." प्रयोग झाला. दोन दुपटी वाळली, तिसरे करपले आणि धुराने भाची शिंकू लागली. प्रयोग आवरला.

रविवारी भावोजी मुंबईहून आले. वर पाहत, वाकत-वाकत ते पलंगापर्यंत पोचले आणि म्हणाले, "अण्णा, आपण सरळ ड्रायर घेऊ या."

अण्णा निवृत्त गणित शिक्षक. त्यांनी कॅलेंडरचे उलटलेले पान फाडले आणि पेन्सिल काढली. पाच किलो सुके कपडे धुऊन पिळून काढले तरी त्यांत साधारण तीन लिटर पाणी राहते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६७ युनिट वीज लागते. हा निसर्गाचा दर, त्यात घासाघीस चालत नाही. म्हणजे दोन युनिट झाली. यंत्राचे पिंप तापवायला आणि वाया जाणाऱ्या उष्णतेला आणखी एक धरले, तर रोजची तीन युनिटे. युनिटला दहा रुपये म्हटले, तर तीस रुपये. पावसाचे शंभर दिवस धरले, तर तीन हजार. साधे यंत्र तीस हजारांचे. ते दहा वर्षे चालले असे मानले, तर वर्षाचे आणखी तीन हजार. एकूण सहा हजार भागिले शंभर. रोजचे साठ रुपये.

भावोजींनी दुसऱ्या जातीच्या यंत्राचे नाव काढले. त्यात उष्णता बाहेर न टाकता तीच पुन्हा वापरतात आणि वाफेचे पाणी करून आतल्या टाकीत साठवतात. वीज निम्मी किंवा त्याहूनही कमी लागते. पण किंमत जवळजवळ दुप्पट! साध्या यंत्राची दमट हवा तर नळीने घराबाहेर सोडावी लागते. नाही तर कपडे वाळायचे आणि भिंती ओल्या व्हायच्या. शिवाय दोन हजार वॅटच्या वरचा भार. त्याला जाड तारेचे, सोळा अँपिअरचे स्वतंत्र बटण हवे; घरच्या इन्व्हर्टरवर तो चालायचा नाही. आणि आमच्याकडे पावसात फांदी तारेवर पडली की वीज दुसऱ्या दिवशी उगवते.

"सारांश, परवडत नाही," असे म्हणून अण्णांनी हिशेबाखाली दोन रेघा मारल्या.

आई चुलीपुढे एक झबले धरून उभी होती. ती वळली नाही. इतकेच म्हणाली, "रोजचे साठ रुपये महाग पडतात ना? मग मी रोज कितीला पडते, तेही एकदा मांडा."

कोणी काही बोलले नाही. भाची रडली म्हणून बरे झाले.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. त्या वाक्याने माझी झोप उडवली, हे शब्दशः खरे आहे. कारण त्या रात्री मी जागा होतो. अकरा वाजता आईने पंख्याखालचे कपडे उलटले. अडीचला पुन्हा उठून निम्मे काढले आणि उरलेले पसरून घातले. पहाटे पाचला ती प्रत्येक लंगोट गालाला लावून पाहत होती. मी विचारले, "गालाला कशाला?" ती म्हणाली, "दिवसभर पाण्यात राहून बोटांना कळत नाही रे, गार आहे की ओलं."

दुसऱ्या दिवशी मी मोजले. पिळणे, झटकणे, दोरीवर टाकणे, उलटणे, चुलीपाशी नेणे, गालाला लावणे, इस्त्री आणि घडी. एका लंगोटाला आईचे हात आठ वेळा लागत होते. पंचवीस लंगोटांचे दोनशे. हा आकडा कॅलेंडरच्या पानावर कुठेच नव्हता. अण्णांचे गणित चुकले नव्हते. त्यांनी एक रकमच घेतली नव्हती. वीज मोजायला मीटर असतो, आईला नसतो.

मी ते पान अण्णांपुढे ठेवले आणि दोन रेघांच्या खाली 'दोनशे' लिहिले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी नवे गणित मांडले. सगळेच कपडे यंत्रात कशाला? चादरी, टॉवेल पंख्याखाली वाळू देत. पंच्याहत्तर वॅटचा पंखा दहा तासांत पाऊण युनिट खातो. ज्याला थांबता येत नाही तेवढेच, म्हणजे बाळाचे कपडे, यंत्रात घालावेत. मग दीड युनिटात भागेल. हे गणित मला पटले. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी घडली, की त्या रात्री अडीच वाजता पंख्याखाली अण्णा उभे होते. पाचची पाळी माझ्याकडे आली. ओले आणि गार यांतला फरक गालाला कसा कळतो, हे मला तेव्हा समजले.

यंत्र दसऱ्याला घ्यायचे ठरले. पण दसरा झाला, मागोमाग ऊन पडले, ताई भाचीला घेऊन सासरी गेली, दोऱ्या सुटल्या आणि तो विषयही उन्हात वाळून गेला. कॅलेंडरचे ते पान मी मात्र जपून ठेवले आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा अंगणात कडक ऊन असेल, टॉवेल तासाभरात पापडासारखा होत असेल आणि ओल्या लंगोटांवरचा हा निबंध तुम्हाला अगदीच क्षुल्लक वाटेल. म्हणूनच तो आत्ता लिहिला. मृग लागला की तुमच्याही घरी दोऱ्या बांधल्या जातील. तेव्हा रात्री अडीच वाजता एकदा उठून पाहा, पंख्याखाली कोण उभे आहे ते.