यमुनेची शेवटची पानं

वडिलांच्या कपाटात, उपासना संगीताच्या पुस्तकाला टेकून, खाकी कागदाचं वेष्टण घातलेलं एक पुस्तक असे. वेष्टणावर वडिलांच्या अक्षरात नाव होतं, ‘यमुनापर्यटन’. मी तेव्हा सहावीत होते. पर्यटन म्हणजे सहल, एवढं कळत होतं, म्हणून प्रवासवर्णन समजून मी ते गॅलरीत घेऊन बसले. काही पानं वाचली आणि मिटून ठेवलं. ज्या गावी जावं तिथे दुःखात बुडालेली एक बाई, ही कसली सहल!

एम.ए.ला ते पुस्तक अभ्यासक्रमात भेटलं. बाबा पद्मनजी बेळगावचे, जन्म 1831 चा. त्यांनी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1857 मध्ये ही कादंबरी लिहिली, मराठीतली पहिली. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. यमुना आणि विनायक हे नवरा-बायको प्रवासाला निघतात, वाटेत जातीजातींतल्या विधवांच्या कहाण्या ऐकतात. मग अपघातात विनायक जातो आणि कहाण्या ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. सासरी केशवपनाची भाषा सुरू होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी लग्न करते. वर्गात सगळ्यांचं मत एकच होतं, की हा धर्मप्रसार आहे, कादंबरी नव्हे. मीही परीक्षेत तेच लिहिलं, शिवाय एक वाक्य जास्तीचं घातलं: यमुनेचं दुसरं लग्न लेखकाने उरकून टाकलं आहे. त्या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

1999 च्या पावसाळ्यात माझा नवरा गेला. रात्री छातीत दुखलं, पहाटे संपलं. मुलगी चार वर्षांची होती.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायका कुंकू लावत नाहीत, त्यामुळे पांढऱ्या कपाळाचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे नवरीची साडीच पांढरी, तेव्हा त्या रंगाचाही धाक नाही. माझ्या केसांना कोण हात लावणार होतं? तरी विधवापण आपली वाट काढतंच. लग्नघरी गेले की एखादी बाई प्रेमाने मला मागच्या बाकाकडे नेई. फिकट साडी नेसले तर ‘किती धीराची’, गडद नेसले तर नुसतं पाहणं. क्रॉसचं मंगळसूत्र मी आपणहून काढलं आणि ठेवायला जागा सुचेना म्हणून त्याच पुस्तकात, विनायक जातो त्या पानांत, ठेवलं. पुस्तक एव्हाना वडिलांकडून माझ्याकडे आलं होतं. काळ्या मण्यांचे वळ त्या पानांवर उमटले आहेत, बोट फिरवलं की अजून लागतात.

त्या वर्षांत मी कादंबरी तिसऱ्यांदा हातात घेतली. एम.ए.ला जी पानं मला प्रचारकी वाटली होती, तिथेच आता थांबावं लागत होतं. सव्वीस वर्षांचा एक तरुण गावोगावच्या विधवांना बोलायला लावतो आणि त्यांचं ऐकून घेतो, हे सोपं काम नव्हे. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुनेला बसलेला धक्का तर मी पाठ व्हावा इतका वाचला. पण पुढे मला जे हवं होतं ते त्यात सापडेना. तिने दुसऱ्या माणसाकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला काय झालं? विनायक आठवला का? आठवला तर ती मागे फिरली का? ही पानं बाबा पद्मनजींनी लिहिलेली नाहीत.

मग मी पुस्तकाबाहेर पाहू लागले. पंडिता रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या, पुढे ख्रिस्ती झाल्या, पण त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. त्यांच्याच शारदासदनातल्या गोदूबाईंनी 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. दोघींच्या वाटा मला खऱ्या वाटत. माझी कोणती, ते पाच-सहा वर्षं कळलं नाही.

ते मला दाखवलं सासूबाईंनी. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात नामी आपल्या विधवा सुनेला, रूथला, दुसऱ्या लग्नासाठी स्वतः बवाजाच्या खळ्यावर पाठवते. आमच्या आईंनी तेवढं काही बोलून दाखवलं नाही. 2005 च्या जानेवारीत मंडळीतल्या एका कुटुंबाने शेतावर हुरड्याला बोलावलं, मी नको म्हणाले, तर आईंनी नातीला तयार करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “जा. घरात बसून तो परत येणार आहे का?” त्या एवढं कठोर कधी बोलल्या नव्हत्या.

शेतावर एक विधुर शिक्षक आगटीशी बसून कणसं भाजत होते. हातावर चोळून, फुंकर मारून त्यांनी गरम हुरडा माझ्या मुलीच्या ओंजळीत घातला, मग माझ्या. बवाजाने रूथला भाजलेलं धान्य दिलं होतं. आमच्याकडे त्याला हुरडाच म्हणायचं. मी तो खाल्ला आणि मला रडू आलं, कारण माझ्या नवऱ्याला हुरडा फार आवडायचा. त्यांनी काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने ते त्यांच्या बायकोबद्दल बोलू लागले, आणि मी माझ्या नवऱ्याबद्दल. आमचं प्रेम असं, दोन गेलेल्या माणसांना मधे बसवून सुरू झालं. त्यांना उठवायची गरज आम्हाला आजवर पडलेली नाही.

लग्नाआधी सलग तीन रविवार उपासनेत सूचना वाचली गेली. कुणाची हरकत असल्यास सांगावी, असं पाळक म्हणत तेव्हा माझी मान खाली जाई. आई तिन्ही रविवारी पहिल्या बाकावर, माझ्या शेजारी, माझा हात धरून बसल्या. नोंदवहीत वधूच्या स्थितीचा रकाना असतो. त्यात ‘विधवा’ लिहिलं गेलं, आणि त्याच ओळीत पुढे मी सही केली.

यमुनेचं लग्न उरकलेलं आहे, हे माझं मत मी बदललं आहे. 1857 मध्ये ते लग्न कागदावर लावून देणं हेच मोठं धाडस होतं. मधली पानं ज्यांच्या वाट्याला आली त्यांनी लिहायची. तुमच्यापैकी कुणाकडे ती असतील, तर लिहा.