पानावरचा क्रम

कोणत्याही विद्येत नवशिक्याचा उत्साह मावळतो तो बहुधा तिच्या गहन भागात नव्हे, तर अगदी आरंभीच्या सोपस्कारांत, हे माझे मत पायथन ही संगणकाची भाषा प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवताना उत्तरोत्तर दृढ होत गेले आहे. आधी फाइल लिहा, मग ती जतन करा, मग टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर जाऊन ती चालवा, आणि तिसऱ्या ओळीतला एखादा कंस मिटवायचा राहिला असेल तर सारा विधी मुळापासून पुन्हा करा, अशा खटाटोपात ज्याचे पहिले धडे खर्ची पडतात, त्याला भाषेचे मर्म कळण्यापूर्वीच तिचा वीट यावा यात नवल नाही.

जुपिटर नोटबुकने हा विधी जवळजवळ नाहीसा केला. सेल नावाच्या चौकटीत दोन ओळी लिहाव्या, शिफ्ट आणि एंटर या कळा एकत्र दाबाव्या आणि उत्तर तेथेच खाली उमटलेले पाहावे, इतके ते सोपे आहे. या सोयीमागे मोठी परंपरा आहे. संगणकाची आज्ञावली मुख्यतः माणसाने वाचण्यासाठी लिहावी, हा विचार डोनाल्ड क्नुथ यांनी १९८४ साली मांडला. गद्य, गणित आणि उत्तरे एकाच पानावर नांदवणारे नोटबुक १९८८ साली मॅथेमॅटिकाने आणले. आणि कोलोरॅडोत पदार्थविज्ञानाचे संशोधन करीत असताना फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली स्वतःच्या गरजेपोटी आरंभिलेल्या आयपायथनमधून २०११ साली ब्राउझरमध्ये चालणारे नोटबुक व २०१४ साली जुपिटर प्रकल्प उदयास आला.

परंतु नोटबुकचा खरा लाभ वेळेच्या बचतीत नसून, शंका आणि तिचे निरसन यांमधले अंतर त्याने नष्ट केले, यात आहे. ‘मराठी’ हा शब्द अवतरणचिन्हांत घालून त्याची लांबी लेन या फंक्शनला विचारली, तर तोंडाने तीनच अक्षरे उच्चारणाऱ्या विद्यार्थ्याला ५ हे उत्तर मिळते आणि तो चक्रावतो. अशा वेळी मी व्याख्यान देत नाही. पुढच्या सेलमध्ये फॉर लूप लावून त्या शब्दाचे घटक एकेक करून छापावयास सांगतो. म, र, काना, ठ, वेलांटी असे पाच घटक एकाखाली एक उतरले, म्हणजे युनिकोड काना आणि वेलांटी यांची स्वतंत्र गणना करतो हे त्याला उमगते, आणि लूप म्हणजे काय हेही त्या ओघात कळून जाते.

मात्र या साधनात एक व्यंग आहे आणि ते नवशिक्यास हटकून नडते. पडद्यावर दिसते ते पान. सेलमधील आज्ञांची तामिली होते ती पडद्याआड, कर्नेलमध्ये. हा कर्नेल जुन्या कचेरीतल्या कारकुनासारखा आहे: हुकूम कागदावर कोणत्या जागी लिहिला आहे हे तो पाहत नाही, आपल्यापुढे तो केव्हा आला एवढेच पाहतो, आणि सेलच्या डावीकडे चौकोनी कंसात उमटणारा आकडा म्हणजे त्याच्या बारनिशीतला आवक क्रमांक होय. वरच्या सेलमध्ये दर ४० चा ५० केला, पण तो सेल पुन्हा चालवला नाही, तर खालचा हिशेब बिनदिक्कत ४० नेच होत राहतो. एवढेच नव्हे, तर दराचा सेल पानावरून समूळ पुसून टाकला तरी कर्नेलच्या स्मृतीत तो दर कायम असतो. याच्या उलट, दुसऱ्या दिवशी तेच नोटबुक उघडले असता उत्तरे पानावर जशीच्या तशी दिसतात, कारण ती फाइलीत जतन झालेली असतात. पण नव्याने सुरू झालेल्या कर्नेलची स्मृती कोरी असल्यामुळे मधलाच एखादा सेल चालवताच नेमएरर, म्हणजे ‘हे नाव मला ठाऊक नाही’ अशी तक्रार, समोर येतो.

कित्येक जाणकार या कारणास्तव नवशिक्यांच्या हाती नोटबुक देऊ नये असे म्हणतात. मला ते मान्य नाही. व्हेरिएबल म्हणजे पानावर लिहिलेले अक्षर नव्हे, तर स्मृतीतल्या एखाद्या वस्तूला दिलेले नाव होय, हा या विद्येतला पहिला महत्त्वाचा सिद्धांत आहे; आणि पुसून टाकलेल्या सेलमधला दर जेव्हा खालच्या हिशेबात पुन्हा डोके वर काढतो, तेव्हा तो सिद्धांत विद्यार्थ्याला असा पटतो की पुढे तो विसरत नाही. व्यंग लपवण्यापेक्षा ते मुद्दाम घडवून दाखवावे, हीच अध्यापनाची सरळ रीत आहे.

यासाठी माझ्या वर्गात एकच दंडक आहे. तपासणीस आलेले प्रत्येक नोटबुक मी प्रथम कर्नेल रीस्टार्ट करून पहिल्या सेलपासून शेवटच्यापर्यंत क्रमाने चालवतो, आणि ते मध्येच अडले तर उत्तरे कितीही बिनचूक दिसत असली तरी परत करतो. प्रयोग करताना वाटेल त्या क्रमाने सेल चालवावे, त्यास कोणाची हरकत नाही. पण दिवसाचे काम आटोपताना प्रत्येक शिकणाऱ्याने ही खातरजमा स्वतः करून घ्यावी, आणि जे नोटबुक वरून खाली एका दमात चालत नाही ते अपुरे समजावे.