बिघाड हजर असतानाच त्याला गाठावं

कांजूरमार्ग (पूर्व)

चि. भाच्यास,


गाडी विकायचा विचार आधी मनातून काढून टाक. बिघाड सापडला. तो पंपात नाही, प्लगमध्ये नाही आणि इंजिनात तर नाहीच. गॅरेजवाल्याने तुझ्याकडून प्लग, केबल आणि पेट्रोलचा पंप, सगळ्यांचे पैसे घेतले, तरी गाडी बंद पडायची ती पडतच राहिली. असं का झालं ते सविस्तर लिहितो, कारण जुनी गाडी ठेवायची तर हे तुला स्वतःला कळलं पाहिजे.

तुझी ही होंडा सिटी भारतात 1998 साली आली. तोवर आपल्या पट्ट्यातल्या मिस्त्रींचे हात कार्ब्युरेटरवर बसलेले होते. याच एलबीएस रोडवर, कुर्ल्यात, प्रीमियर पद्मिनी बनायची. कार्ब्युरेटरचं दुखणं बरंचसं डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं. तुझ्या गाडीसारख्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि तोही इंजिन किती फिरतंय, किती तापलंय, हवा किती आत येतेय हे सेन्सरकडून समजल्यावर. त्यातली एखादी वायर क्षणभर सुटली तरी इंजिन गप्प होऊ शकतं, आणि बॉनेट उघडून पाहावं तर सगळं जागच्या जागी. मग अंदाजाने भाग बदलणं सुरू होतं. तुझ्या गाडीला आजचा स्कॅनरही लागत नाही. आपल्याकडे ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवायच्या यंत्रणेची सक्ती 2010 पासून टप्प्याटप्प्याने आली, ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची.

येऊन-जाऊन होणाऱ्या बिघाडाचं मलेरियाच्या तापासारखं आहे. ताप चढलेला असताना रक्त तपासलं तर खरं काय ते कळण्याची शक्यता जास्त. गाडी गॅरेजमध्ये पोचेपर्यंत थंड झालेली असते, सुरळीत चालते, आणि मिस्त्री म्हणतो, ‘काही नाही साहेब, घेऊन जा.’ म्हणून मी मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प गाडीतच ठेवला होता.

ती बंद पडली भर दुपारी, जेव्हीएलआरवर, पवईहून गांधीनगरकडे येताना, मेट्रोच्या खांबांशेजारच्या रांगेत. तशीच ढकलून कडेला घेतली. अशा वेळी लोक सेल्फ मारत सुटतात. त्याने बॅटरी उतरते आणि हाती काही लागत नाही. मी नुसती किल्ली फिरवली आणि पाहिलं. एरवी चेक इंजिनचा दिवा दोनेक सेकंद लागून विझतो आणि मागून पंपाची घूं ऐकू येते. या वेळी दिवाही नाही, पंपही नाही. नुसता पंप गेला असता तर दिवा लागला असता. दोन्ही एकदम गप्प, म्हणजे ईसीयूलाच वीज पोचत नव्हती. ईसीयूच झोपलेला, मग पंप चालू कर म्हणून सांगणार कोण? गॅरेजने बदललेला पंप निर्दोष होता तो असा.

ईसीयूला वीज मिळते मेन रिलेतून. जुन्या होंडांमध्ये एका छोट्या डबीत दोन रिले असतात, एक ईसीयू आणि इंजेक्टरसाठी, दुसरा पंपासाठी. डॅशबोर्डखाली हात घालून मीटर लावला. आत येणाऱ्या पिनवर 12.4 व्होल्ट, बाहेर जाणाऱ्या पिनवर शून्य. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने डबीवर हलकेच टिचकी मारली. टक् झालं, दिवा लागला, पंप घुमला आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली.

घरी आल्यावर डबी उघडली. भिंगातून पाहिलं तर एका पिनच्या सोल्डरभोवती केसाएवढी गोल चीर. केबिन तापली की धातू प्रसरण पावतो आणि तिथला स्पर्श सुटतो. निवलं की पुन्हा जुळतो. म्हणून गाडी संध्याकाळी सुरू व्हायची. यात कंपनीला नावं ठेवायचं कारण नाही. वीस-पंचवीस उन्हाळे खाल्लेल्या सोल्डरचं हे वयाचं दुखणं आहे, आणि त्या काळच्या होंडा सांभाळणाऱ्यांना ते जगभर ठाऊक आहे. ईसीयूच्या मेमरीत बिघाडाचा कोड का सापडला नाही, तेही आता तुझ्या लक्षात येईल. ज्याची वीजच तुटली तो नोंद कशी करणार?

मी जुनं सोल्डर काढून नवं भरलं आहे. तरी नवा रिले आण आणि हा डिकीत ठेव. अर्थिंगचीही तपासणी केली. कांजूरच्या मिठागरांची आणि खाडीची हवा तांब्यावर हिरवा कळंक चढवते, म्हणून इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी काढून घासून बसवली.

पुढे कधी बंद पडली तर हेच क्रमाने बघ. दिवा लागतो, पंपही घुमतो, पण प्लगला स्पार्क नाही, आणि बंद पडताना आरपीएमचा काटा एकदम शून्यावर आला, तर संशय डिस्ट्रिब्युटरमधल्या इग्नायटरवर किंवा सेन्सरवर. तेही तापले की दगा देतात. स्पार्क आहे पण पंप गप्प, तर पंपाचा रिले, त्याची वायर, मग पंप, याच क्रमाने. गाडी बंद न पडता नुसती गरम असताना धूर सोडते, पेट्रोल जास्त खाते, तर कूलंटचा सेन्सर मोज. त्याचा रोध थंड असताना दोन-अडीच हजार ओहम आणि 80 अंशांना तीनशेच्या आसपास असतो. पेट्रोलच्या नळ्यांवरही नजर ठेव. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्या काळची रबरं त्यासाठी बनवलेली नव्हती. इंजेक्शनच्या नळीत दाब असतो, तेव्हा कुठेही ओल दिसली तर गाडी चालवू नकोस.

भाऊजींनी ही गाडी जिवापाड जपली. तू तिला भंगारात घालायला निघालास ते एका चिरेसाठी, याचं मला फार वाईट वाटलं. इंजिन उत्तम आहे, अजून पुष्कळ वर्षं चालेल. एकच मागणं आहे: यापुढे कोणी ‘हा भाग बदलून बघू’ म्हणालं, की ‘आधी काय मोजलंत?’ असं विचार. उत्तर मिळालं नाही तर बॉनेट बंद करायला सांग. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलू दे, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात मी वही ठेवली आहे. गाडी कुठे, किती वाजता बंद पडली, किती तापली होती, दिवा लागला का, पंप वाजला का, एवढं त्यात लिहीत जा.

रविवारी ये आणि गाडी घेऊन जा. येताना गॅरेजमधून तुझा जुना पंप मागून आण, तो चांगला आहे.

तुझा,
मामा