सहा तास

रात्री पावणेबाराला सर्व्हरच्या लॉगमध्ये मला तो अनोळखी आयपी पत्ता दिसला. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर ज्यांनी बसवलं, त्यांच्या सपोर्टच्या पासवर्डने कुणीतरी तासाभरापासून आत बसलं होतं. केबल उपटली आणि साहेबांना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य, "आत्ता कुणाला बोलू नकोस."

कायदा नेमका उलट आहे. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं. नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सहा तासांत नक्की काय गेलं, हेच धड कळत नाही. तरी फॉर्म भरला, पहाटे साडेचारला मेल गेला. साहेब वैतागले होते, पण 'कैद' हा शब्द कामाला आला.

मग मला माझा मित्र आठवला. त्याच औद्योगिक वसाहतीत, दोन गल्ल्या सोडून. तेच सॉफ्टवेअर, तेच सपोर्टवाले, आणि बहुधा तोच पासवर्ड. एक फोन पुरला असता: पासवर्ड बदल, हा पत्ता फायरवॉलवर अडव. पण मी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली. सर्ट-इनला कळवताना तो करार आड येत नाही, कारण ते कायद्याने बंधनकारक. शेजाऱ्याला सांगताना येतो.

अमेरिकेने 2015 मध्ये यासाठीच कायदा केला. असा पत्ता, अशी खूण, कुणाची अनावश्यक खासगी माहिती गाळून, दुसऱ्या कंपनीला किंवा सरकारला दिली तर त्यापायी दावा लावता येणार नाही, असं त्यात होतं. सक्ती नव्हती, अभय होतं. तिथेही पाळत वाढेल म्हणून ओरड झाली, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. आपल्याकडे मात्र सक्ती आहे, अभय नाही. माहिती वर जाते. सर्ट-इन इशारे प्रसिद्ध करतं, हे खरं; पण 2023 च्या नोव्हेंबरपासून ती संस्था माहिती अधिकाराच्या बाहेर आहे, त्यामुळे माझ्या त्या मेलचं पुढे काय झालं ते मी विचारूही शकत नाही.

अकराव्या दिवशी मित्राचा फोन. सगळ्या फाइली कुलूपबंद, पडद्यावर खंडणीची चिठ्ठी.

"तुमच्याकडे असं काही झालं होतं का रे?"

मी म्हटलं, "आधी केबल काढ. आणि लॉग पुसू नकोस, 180 दिवसांचे ठेवावे लागतात."