दातांच्या तारा

आमच्या लहानपणी दात ही ज्याच्या त्याच्या नशिबाची गोष्ट होती. कुणाचे मोत्यासारखे, कुणाचे एकावर एक चढलेले, कुणाचे ओठाबाहेर डोकावणारे. सकाळी लिंबाची काडी चावायची, नाहीतर चिमूटभर राखुंडी घ्यायची, आडावर चूळ भरायची, झालं. दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून घरावर फेकायचा आणि उंदराला म्हणायचं, माझा घे अन् तुझा दे. उंदरानं जसा दिला तसा जन्मभर सांभाळायचा. पुढं दात असलेल्याला पोरं फावड्या म्हणायची. पण यात एक बरं होतं. पाटलाच्या पोराचे दातही वाकडे असायचे आणि सालगड्याच्या पोराचेही. दात बघून घर ओळखता येत नव्हतं.

बायकांच्या बाबतीत मात्र नशीब जड होतं. माझ्या थोरल्या अक्काचे वरचे दात पुढं होते. कामाला वाघीण. ज्वारी काढायला बसली की गड्यांना मागं टाकायची. पण बघायला आलेले पाहुणे चहा-पोहे खाऊन जायचे आणि मग निरोप यायचा, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणाची होती तेव्हा? शेवटी जमलं, संसार झाला, नातवंडं झाली. पण अक्काचा पदर तोंडावरून कधी खाली आला नाही. हसू आलं की आधी हात पदराकडं जायचा. तिच्या पोराच्या लग्नातल्या फोटोतही ती पदर दातात धरून उभी आहे. सत्तरीत सगळे दात पडले तेव्हा भाच्यानं कवळी करून दिली. ती घालून अक्का राखीला आली आणि मला म्हणाली, "बघ रं, सरळ दात मिळायला समदे पडावं लागले." आणि पदर न लावता हसली. मला तेव्हा कळलं, ही बाई पन्नास वर्षं हसू आवरून बसली होती.

म्हणून नात अकरा वर्षांची झाली आणि तिचा हात तोंडाकडं जायला लागला, तेव्हा मी सावध झालो. तिचे वरचे दात पुढं आणि दोन्ही सुळे वर चढलेले. ओठ मिटत नव्हते. शाळेत कवितेला पहिली उभी राहणारी पोर मागच्या बाकावर जाऊन बसायला लागली. त्यात एकदा सायकलवरून पडली आणि पुढच्या दाताचा टवका उडाला. पुढं आलेल्या दातांना मार लवकर लागतो, हे मला मागाहून डॉक्टरांनी सांगितलं. ओठाचा आडोसा नसतो ना.

तालुक्याला दाताच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं दात भरून दिला आणि सांगितलं, तारा बसवाव्या लागतील, त्याचे डॉक्टर वेगळे असतात, ते आमच्याकडं महिन्यातून एकदा येतात. खर्च ४० हजार. आधी १० हजार आणि मग दर महिन्याला १,५०० प्रमाणे वीस हप्ते.

शेतकरी माणूस रुपयांत हिशोब करत नाही, क्विंटलात करतो. त्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या हंगामात, सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. मोंढ्यात हातात पडत होते ४ हजारांच्या आसपास. म्हणजे तारांना १० क्विंटल सोयाबीन. आमच्या रानात एकरी सहा-सात क्विंटल झालं तर चांगलं म्हणायचं. दीड एकराची रास पोरीच्या तोंडात, आणि बी, खत, फवारणी, काढणी, मळणी यांचा पैसा वेगळाच. त्याच दवाखान्यात एका शिक्षकाचा मुलगा बसला होता. त्याचा बाप म्हणाला, "पगारातून हप्ता जातो, कळत पण नाही." तो खोटं बोलत नव्हता. पगार दर महिन्याला येतो आणि हप्ताही दर महिन्याला. आमचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही आला तर.

घरात चर्चा झाली. माझा थोरला म्हणाला, "दुखत न्हाई, खुपत न्हाई, कामून एवढा खर्च?" सूनबाई काही बोलली नाही. ती उठून भांडी घासायला गेली, आणि भांडी जरा जास्तच वाजली. मी म्हणलं, अक्काला दुखत-खुपत नव्हतंच. थोरला गप्प बसला. त्यानं आत्याला जन्मभर पाहिलेलं होतं.

रेशनकार्डावरच्या योजनेतून हृदयाची, किडनीची मोठी शस्त्रक्रिया होते. दात सरळ करणं त्यात बसत नाही. राहिला रस्ता सरकारी दंत महाविद्यालयाचा. राज्यातली जुनी तीन: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. मुंबईत महापालिकेचं नायरचं आहे ते वेगळं. तिथं खासगीच्या मानानं खर्च फार थोडा येतो. शिकणारे डॉक्टर काम करतात आणि त्यांचे गुरुजी मागं उभे राहून बघतात. काम चोख. पण आमच्या गावाहून जायला एसटीनं तीन तास, यायला तीन तास, आणि लांबलांबून माणसं येतात म्हटल्यावर रांग असणारच. पैसा वाचतो, दिवस जातो.

आम्ही तोच रस्ता धरला. नातीला न्यायचं काम माझ्याकडं आलं, कारण घरात रिकामा समजला जाणारा मी एकटाच. पहाटेची गाडी. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं नातीचं अर्धं. माझी पासष्टी भरली नाही म्हणून माझं पूर्ण. कंडक्टर पांढऱ्या मिशीकडं बघून आधार कार्ड मागायचा आणि हसून पूर्ण तिकीट फाडायचा.

तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक दातावर एक चौकट चिकटवतात, त्यातून तार ओवतात. तार दाताला हळूहळू रेटते. ज्या बाजूला दात सरकतो तिकडचं हाड विरघळतं आणि मागं नवं हाड भरत येतं. म्हणून घाई चालत नाही. जास्त जोर लावला तर मूळच खराब होतं. मी म्हणलं, "ताई, मोसंबीचं रोप वाकडं चाललं की आम्ही काठी बांधतो, तसंच की हे." त्या म्हणाल्या, "अगदी तसंच. आणि काठी लवकर सोडली तर रोप परत वाकतं, म्हणून नंतरही वर्षभर, कधी जास्त, एक पट्टी घालावी लागते." दीड-दोन वर्षं, दर महिन्याला एक खेप. जागा करायला नातीचे चार दात काढले. पहिल्या आठवड्यात पोर नुसत्या पेजेवर होती. भाकरी कालवून, कुस्करून खायला शिकली. ऊस दातानं सोलायचा नाही, हरभरे-फुटाणे बंद.

आता खरी गोष्ट सांगतो. नातीची एक मैत्रीण आमच्याच गल्लीत राहते. तिचे दात नातीपेक्षा जास्त वाकडे. खालचा जबडा मागं, वरचे दात खालच्या हिरडीला टोचतात, त्यानं हिरडी सुजते. तिचे आई-बाप ऊस तोडायला जातात. दसरा झाला की कोयता, पोटापुरतं धान्य आणि धाकटं लेकरू घेऊन गाडीत बसतात, ते पाडव्याच्या सुमाराला परत येतात. पोर आजीजवळ राहते. आजीला नीट दिसत नाही.

एका खेपेला मी दोघींनाही घेऊन गेलो. अर्धी तिकिटं दोन, पूर्ण एक. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, हिला तर जास्त गरज आहे, पण आधी किडलेल्या दाढा भरायच्या. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, शेजारचे दात त्या जागेत कलले, मग मागून येणाऱ्या दाताला जागाच उरली नाही. दाढ तेव्हाच भरली असती तर गर्दी एवढी झाली नसती. मग त्यांनी कागद पुढं केला आणि म्हणाल्या, आई किंवा वडिलांची सही लागेल.

मी तिथूनच तिच्या बापाला फोन लावला. तो सांगलीकडं फडात होता. मोळी टाकून बोलत असावा, दम लागला होता. म्हणाला, "आबा, तुमचे लई उपकार. पर उचल घेतलीय, आत्ता कसा येऊ? अन् मी येऊन सही केली तरी महिन्याच्या महिन्याला पोरीला कोण न्यायचं?" मी म्हणलं, "मी नेतो." त्यावर तो जरा थांबला. म्हणाला, "तुमची नात नीट झाली की तुमची खेप बंद होईल. माझ्या पोरीची निम्म्यावर राहील. अर्धवट केल्यापरीस नको." या माणसाला अडाणी म्हणायची माझी हिंमत नाही. त्यानं दोन वाक्यांत जो हिशोब मांडला तो बरोबर होता. तार निम्म्यावर सुटली तर दात ना इकडचे राहतात ना तिकडचे.

येताना गाडीत दोघी पोरी खिडकीशी बसल्या. मैत्रिणीनं गोळीच्या वेष्टनाची चंदेरी चांदी दाताला लावली आणि मागं वळून मला दाखवली, "आबा, मला पण बसवल्या." नात खदाखदा हसली. तीही हसली. मी बाहेर बघितलं.

तुम्ही म्हणाल, दात वाकडे असले म्हणून कुणी मरतं का? नाही मरत. पण पूर्वी वाकडा दात सगळ्यांच्यात होता, आता तो फक्त काहींच्यात उरत चाललाय. पगारवाल्यांची, बागायतदारांची पोरं सरळ दातांची होणार. उद्या नोकरीच्या मुलाखतीला दोघी शेजारी बसल्या, तर एकीनं तोंड उघडलं की बापाचा सातबारा दिसेल आणि दुसरीनं उघडलं की कोयता दिसेल.

मोतीबिंदूचं बघा. १९७६ साली देशात अंधत्व निवारणाचा कार्यक्रम सुरू झाला, शिबिरं झाली, म्हातारी माणसं गावातून जाऊन डोळे करून आली. दातांचं तसं शिबिर होत नाही, कारण हे एका दिवसाचं काम नाही. पण तार बसवायला मोठं रुग्णालय लागत असेल तर लागो, महिन्याची तार बदलायला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एक दिवस डॉक्टर येऊ शकत नाही का? खासगी दवाखान्यात येतो, मग इथं का नको? आणि सात-आठ वर्षांच्या लेकराची किडकी दाढ शाळेच्या तपासणीत सापडली की तिथंच भरून मिळाली, तर पुढच्या किती तारा वाचतील.

नातीच्या अजून सात खेपा राहिल्यात. सुळे खाली आलेत, ओठ मिटायला लागलेत. परवा शाळेत कविता म्हणाली. पाडव्याला मैत्रिणीचा बाप गावी आला, तेव्हा मी त्याला पारावर गाठलं. म्हणलं, खेपांचं माझ्याकडं लागलं, नातीचं संपलं तरी मी जात राहीन, गुडघे चालतात तोवर. तू सहीचं बघ. त्यानं हो म्हणलं नाही, नाहीही म्हणलं नाही. कागद घडी करून खिशात ठेवला.